दया आणि दाम

प्रायश्चित्त संस्काराच्या तयारीसाठी आपण लहानपणापासून जी प्रश्नावली वापरतो, तिच्यात सातव्या आज्ञेखाली चोरीचे प्रश्न असतात. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेतली काय? सापडलेले पैसे परत केले काय? वजनमापात खोट केली काय? हे प्रश्न योग्यच आहेत. परंतु घेणाऱ्याला उद्देशून असा एक प्रश्न त्या यादीत क्वचितच आढळतो : जी वस्तू तू स्वस्तात मिळवलीस, ती बनविणाऱ्याच्या हाती काय पडले, याची कधी चौकशी केलीस काय?

आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून दिवसाकाठी प्रार्थनेपेक्षा खरेदी अधिक वेळा घडते. तरीही खरेदी ही धर्माच्या कक्षेबाहेरची बाब आहे, असे आपण धरून चालतो. परमगुरुस्वामी सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली 'कारितास इन वेरिताते' या विश्वपत्रात याच समजुतीवर बोट ठेवले. विकत घेणे ही केवळ आर्थिक कृती नसते, ती नेहमीच नैतिक कृतीही असते, असे त्यांनी शिकविले. या शिकवणुकीचा आपल्या गावपातळीवर काय अर्थ होतो, याचा विचार करण्यास एक निमित्त घडले आहे.

आमच्या कन्नड परिसरातील काही भगिनींकडून एक विचारणा होत आहे. घरोघरी शिवलेल्या गोधड्या, कापडी पिशव्या, तांड्यांवरील बंजारा भगिनींचे आरसे-कवड्यांचे भरतकाम, घायपाताचे दोर, शिंदीच्या केरसुण्या अशा वस्तू एका गाडीत घालून दर रविवारी वेगवेगळ्या धर्मग्रामांत न्याव्यात, मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात मांडाव्यात, युवकांनी गाडी भरावी-उतरवावी, महिला मंडळाने विक्री सांभाळावी आणि कोणीही आपल्या श्रमांचा मोबदला घेऊ नये, अशी ही कल्पना आहे. कन्नडहून वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद करीत छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा रस्ता सरळ आहे. घाट उतरला की चाळीसगाव आहे. कल्पना उत्तम आहे, याविषयी दुमत नाही. मतभेद होतो तो भावावर. काही म्हणतात, गरीब बायांच्या वस्तू आहेत, लोक दयेने जे देतील ते घ्यावे. काही म्हणतात, बाजारात जो भाव आहे त्याहून चार रुपये कमी ठेवावे, म्हणजे माल खपेल. आमच्या मते हे दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी चुकतात. ते कोठे, हे सांगण्यापूर्वी या प्रकारच्या विक्रीचा थोडा इतिहास पाहणे उपयोगी होईल.

आज ज्याला 'फेअर ट्रेड' अथवा न्याय्य व्यापार म्हणतात, त्याचा उगम मोठ्या पेढ्यांत झालेला नाही. अमेरिकेतील मेनोनाइट पंथाच्या एडना रूथ बायलर या गृहिणी १९४६ साली पोर्टो रिकोस गेल्या असता तेथील गरीब स्त्रियांचे भरतकाम त्यांनी पाहिले, काही नग विकत घेतले आणि घरी परतल्यावर शेजारणींना व मैत्रिणींना विकले. पुढे त्या आपल्या मोटारीच्या मागील कप्प्यात माल भरून गावोगाव हिंडल्या. त्या मोटारीतूनच पुढे 'टेन थाउजंड व्हिलेजेस' ही संस्था उभी राहिली. हॉलंडमधील केर्कराडे या गावी १९५९ साली काही कॅथॉलिक तरुणांनी गरीब प्रदेशांच्या मदतीसाठी एक मंडळ काढले. आरंभी ते देणग्या पाठवीत. पुढे त्यांना उमगले की देणगी संपते आणि हात पुन्हा पसरावा लागतो, म्हणून त्यांनी तेथील कारागिरांच्या वस्तू आणून विकण्यास प्रारंभ केला. १९८८ साली हॉलंडमध्येच न्याय्य भावाच्या कॉफीवर पहिली खूणचिठ्ठी लागली. तिच्यामागे फ्रान्स व्हान डर होफ हे कॅथॉलिक धर्मगुरू होते. मेक्सिकोतील ओआहाका प्रांतातील कॉफी पिकविणाऱ्या आदिवासींमध्ये ते राहत. त्या शेतकऱ्यांची मागणी साधी होती : भीक नको, कॉफीचा रास्त भाव द्या.

हे सर्व परदेशातले आणि आपल्याला नवे, असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राला फिरत्या विक्रीचा फार जुना परिचय आहे. स्वातंत्र्यचळवळीत खादीचे गठ्ठे खांद्यावर घेऊन दारोदार विकणारे स्वयंसेवक गावोगाव होते. त्यांत वकील होते, शिक्षक होते, महाविद्यालय सोडून आलेली मुले होती. खादीच्या व्यवस्थेसाठी १९२५ साली अखिल भारत चरखा संघाची स्थापना झाली. आरंभीची कित्येक वर्षे खादी जितकी स्वस्त करता येईल तितकी करावी, म्हणजे ती घरोघर पोहोचेल, असाच सर्वांचा प्रयत्न होता. मात्र १९३५ साली वर्ध्यास राहणाऱ्या गांधीजींनी स्वतःच्या लोकांपुढे एक अडचणीचा प्रश्न ठेवला. खादी स्वस्त झाली, ती कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन? सूत कातणाऱ्या बाईला दिवसभराच्या कामाचे जे काही पैसे मिळत, त्यांत तिचे पोट भरत नव्हते. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, अशी गांधीजींची इच्छा होती. प्रत्यक्षात संघाला त्याहून पुष्कळ खाली थांबावे लागले, तरी कातणारणींची मजुरी वाढविण्याचा निर्णय झाला. भाव चढेल, विक्री बसेल, अशी भीती कार्यकर्त्यांनी बोलून दाखविली. ती भीती निराधारही नव्हती. त्याच सुमारास विनोबांनी वर्ध्याजवळील नालवाडीस स्वतः दिवसभर सूत कातून, त्या मजुरीत माणसाचे पोट भरते काय, हे पडताळून पाहिले. भाव ठरविण्याची याहून प्रामाणिक रीत आम्हांस ठाऊक नाही. जो भाव ठरवितो त्याने त्या भावावर काही दिवस जगून पाहावे, ही ती रीत.

या कामात एक ख्रिस्ती नाव मोठ्या आदराने घ्यावे लागते. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. मुंबईत ते हिशेबतपासनीस होते, शिक्षण विलायतेत व अमेरिकेत झालेले. १९२९ साली ते गांधीजींना भेटले, आणि १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्याचे कार्यवाह झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. तेलघाणी, हातकागद, मधमाश्या, गूळ या वस्तूंच्या अर्थशास्त्रावर त्यांनी जितक्या आस्थेने लिहिले तितक्याच आस्थेने प्रभू येशूच्या शिकवणुकीवरही लिहिले. ते आपल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेचे नव्हते. पण वस्तूच्या किमतीत बनविणाऱ्याचे जीवन दडलेले असते, हा त्यांचा आग्रह शुभवर्तमानातूनच आला होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाजवी दाम म्हणजे काय?

नीतिसूत्रांच्या पुस्तकात विसाव्या अध्यायात एका गिऱ्हाइकाचे फार मार्मिक चित्र आहे. वस्तू हाती असताना तो तिला नावे ठेवतो आणि घेऊन बाहेर पडला की आपल्या चातुर्याची फुशारकी मारतो. आपल्या आठवडी बाजारात हे चित्र रोज जिवंत दिसते. संत ऑगस्टीन यांनी 'त्रैक्य' या ग्रंथात याच्या उलट माणूस दाखविला आहे. त्यांच्या माहितीतील एका गृहस्थाकडे एकाने एक हस्तलिखित विकावयास आणले. विकणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक नव्हते, त्याने अगदीच थोडी किंमत सांगितली. घेणाऱ्याला मोल ठाऊक होते. त्याने सांगितलेली किंमत न देता खरी किंमत दिली, आणि विकणारा चकित झाला. स्वस्तात घ्यावे आणि महाग विकावे ही सर्वांचीच इच्छा असते, असे त्या काळीही लोक म्हणत. संत ऑगस्टीन म्हणतात, तो सर्वांचा स्वभाव नव्हे, तो दोष आहे.

संत थॉमस अक्विनास यांनी 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागात खरेदीविक्रीतील फसवणुकीवर जे विवेचन केले आहे, त्यात एक बारकावा आहे. समजा, एखाद्या वस्तूची घेणाऱ्याला अतोनात गरज आहे, आणि ती विकल्याने विकणाऱ्याचे काही विशेष नुकसान होत नाही. तर केवळ घेणाऱ्याची गरज मोठी आहे म्हणून विकणाऱ्याने भाव चढवू नये. कारण ती गरज ही काही विकणाऱ्याच्या मालकीची वस्तू नव्हे, की त्याने ती विकावी. हा विचार उलटा करून पाहिला की आपल्या बाजारावर लख्ख प्रकाश पडतो. दुसऱ्याची अडचण ही आपली मिळकत नव्हे. बाई संध्याकाळची शेवटची एस.टी. गाठण्यासाठी उरलेल्या केरसुण्या मिळेल त्या भावाने देते. तेथे तिने भाव 'कबूल' केला असे म्हणता येते काय? परमगुरुस्वामी तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम'मध्ये याच कबुलीविषयी लिहिले. अधिक वाईट संकट टाळण्यासाठी कामगार जी अट मान्य करतो, ती मान्यता नसते, ती बळजबरी असते, असा त्यांचा आशय आहे. परमगुरुस्वामी सहावे पॉल यांनी १९६७ साली 'पोपुलोरुम प्रोग्रेसियो'मध्ये हेच तत्त्व देशादेशांतील व्यापारास लावले. आणि दूरच्या उत्पादकाला रास्त मोबदला मिळावा म्हणून आपण अधिक किंमत मोजावयास तयार आहोत काय, असा प्रश्न त्यांनी प्रत्येकाच्या सद्सद्विवेकबुद्धीला केला.

येथवर बहुतेक वाचक आमच्याशी सहमत होतील. अडलेल्याला नाडू नये, हे कोणास पटणार नाही? पण या तत्त्वाची दुसरी बाजूही आहे, आणि फिरत्या विक्रीच्या संदर्भात तीच अधिक महत्त्वाची आहे. घेणाऱ्याची गरज जशी विकणाऱ्याची मिळकत नव्हे, तशी घेणाऱ्याची करुणाही विकणाऱ्याची मिळकत नव्हे. शिवण उसवलेली पिशवी, 'बिचारी विधवा आहे हो' असे सांगून दुप्पट भावाने खपविणे, हेही त्याच जातीचे कृत्य आहे. तेथे पिशवी विकली जात नाही, बाईचे वैधव्य विकले जाते. आणि ते विकताना तिला कोणी विचारलेले नसते.

असल्या विक्रीत काय घडते, हे आम्ही पाहिले आहे. ध्वनिक्षेपकावरून सांगितले जाते, अमुक भगिनीचा नवरा दारूपायी गेला, तमुक भगिनीच्या घरी तीन मुली. लोक हळहळतात, खिशात हात घालतात, वस्तू हाती येते ती न पाहताच पिशवीत जाते. टेबल रिकामे होते. सर्वांना समाधान वाटते. अशाच एका विक्रीनंतर एका भगिनीने आम्हांस विचारले, "फादर, माझी पिशवी कुणी उलटी करून शिवण पाहिली का हो?" आम्हांस उत्तर देता आले नाही, कारण कोणीच पाहिली नव्हती. तिने दुहेरी शिलाई घातली होती, कोपरे दुमडून बंद केले होते. तिला पैसे मिळाले होते. तिला जे हवे होते ते मिळाले नव्हते.

या प्रश्नाला आपल्या भागात एक विशेष धार आहे, ती आपण विसरू नये. आमच्या औरंगाबाद धर्मप्रांतातील पुष्कळ कुटुंबांचे पणजे-खापरपणजे गावगाड्यात बलुत्यावर जगत. मातंग घरी दोर, कासरे, चऱ्हाटे वळली जात, केरसुण्या बांधल्या जात. शेतकऱ्याचा नांगर आणि मोट त्या दोरांवर चाले. वर्षभराच्या या कामाचा मोबदला सुगीत खळ्यावर मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गाव-गाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशील वाचावयास मिळतात. बलुते हे वास्तविक हक्काचे. पण ते घेण्याची रीत मात्र हात पसरण्याची होती. खळ्याच्या कडेला उभे राहावे, मालकाने सुपातून ओतावे, किती ओतावे हे त्याच्या मर्जीवर, आणि घेणाऱ्याने वर आशीर्वाद द्यावा. कामाचे दाम हे दान म्हणून पदरात पडे. कारागिराचा खरा अपमान त्या सुपातील धान्याच्या मापात जितका होता, त्याहून अधिक या नावाच्या अदलाबदलीत होता. ज्यांच्या वाडवडिलांनी हे सोसले, त्यांच्याच नातींच्या हातचे काम आज आपण चर्चच्या आवारात पुन्हा 'मदत' म्हणून विकणार असू, तर खळे बदलले, रीत तीच राहिली, असे होईल.

उलट एक साक्ष आपल्याच तालुक्यात आहे. गौताळ्याच्या जंगलातील पितळखोऱ्याची लेणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. ख्रिस्तजन्मापूर्वी कोरलेल्या या लेण्यांत एक ठेंगणी, हसरी यक्षमूर्ती सापडली. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडविली, एवढेच त्यात सांगितले आहे. तो गरीब होता की श्रीमंत, त्याच्या घरी किती तोंडे खाणारी होती, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याने आपल्या कामावर आपले नाव ठेवले, आणि दोन हजार वर्षांनंतरही आपण काम पाहून नाव वाचतो. कारागिराचे नाव आणि कारागिराची करुणकथा यांत हा फरक आहे. नाव कामाला चिकटते. कथा मात्र कामाला झाकून टाकते. आमची सूचना अशी की फिरत्या विक्रीत प्रत्येक वस्तूवर बनविणारीचे नाव असावे, गाव असावे, तिची संमती असेल तर. आणि तिच्या घरची दुःखे तिच्या घरी राहू द्यावीत.

मग भाव कसा ठरवावा? तो वस्तूकडून आणि कामाकडून ठरवावा. उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीने रोज चार तासांप्रमाणे आठ दिवस बसून एक गोधडी शिवली. म्हणजे ३२ तास झाले. कापड, दोरा यांस १५० रुपये लागले. गोधडी ६०० रुपयांस गेली. हाती राहिले ४५०. तासाला सुमारे १४ रुपये पडले. आठ तासांचा दिवस धरला तर रोज सुमारे ११२ रुपये. हा आकडा कन्नडच्या शिवारात खुरपणीस जाणाऱ्या बाईच्या रोजाशी ताडून पाहावा, म्हणजे ६०० रुपये हा 'चांगला भाव' आहे की नाही, हे उपदेशावाचून कळेल. हा हिशेब मंडळाने प्रत्येक वस्तूचा करावा आणि तो लपवू नये. टेबलावर एक पाटी लावावी : माल इतका, श्रम इतके, गाडीभाडे इतके. घेणाऱ्याला जे द्यावयाचे आहे ते कशासाठी, हे त्याला समजले पाहिजे.

यावर एक शंका निघेल, आणि ती रास्त आहे. एक बाई तीच गोधडी ३२ तासांत शिवते, दुसरी ६० तासांत. मग दुसरीला दुप्पट दाम द्यावयाचे काय? तसे नाही. गिऱ्हाईक वस्तू घेतो, विकणारीचा संथपणा घेत नाही. चरखा संघाने मजुरी वाढविली तेव्हाही कुशल कामाचा आधार धरला होता आणि कातणे सुधारण्याचा आग्रह सोडला नव्हता. वाजवी दाम आणि वाजवी काम यांचा जोड सुटला की न्यायाच्या नावाने पुन्हा दयाच येऊन बसते. ज्या भगिनीचा हात अजून बसलेला नाही, तिला शिकविणे हे मंडळाचे कर्तव्य आहे. त्या शिक्षणाचा बोजा वस्तूवर लादू नये. मुंबईच्या अंधेरी पूर्व भागातील झोपडवस्त्यांत इसाबेल मार्टिन या स्पॅनिश मिशनरी भगिनीने १९८४ साली 'क्रिएटिव्ह हॅण्डिक्राफ्ट्स' सुरू केले. स्त्रियांना शिवणकाम शिकविण्यापासून निघालेली ही वाट पुढे स्त्रियांच्या सहकारी गटांपर्यंत आणि परदेशी मागणीपर्यंत पोहोचली. परदेशातील गिऱ्हाईक दहा हजार मैलांवरून कोणाचे अश्रू पाहत नाही. ते माप, शिवण आणि वेळ पाहते. त्या कसोटीस उतरल्याने त्या स्त्रियांना जो आत्मविश्वास आला, तो कोणत्याही देणगीने आला नसता.

ज्यांना काम करवतच नाही, जे वृद्ध आहेत, आजारी आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी दया आहे, आणि ती मुक्तहस्ताने असावी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे कार्य त्यासाठीच आहे. दया ही न्यायाहून हलकी गोष्ट आहे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. पण दोन पेट्या वेगळ्या ठेवाव्यात. ज्याला दान द्यावयाचे आहे त्याने ते दानपेटीत गुपचूप टाकावे, डाव्या हाताला कळू न देता. पिशवीच्या किमतीत मिसळून, पावती आणि शाबासकी घेऊन देऊ नये. जे आपण देणे लागतो ते दान म्हणून देणे, ही परोपकाराची सर्वांत स्वस्त रीत आहे.

आता स्वयंसेवकांविषयी. बिनमोबदला राबणारे हात हे अशा विक्रीचे खरे भांडवल असते. पण त्यातही एक सूक्ष्म धोका आहे. युवक फुकट गाडी भरतात, कोणी फुकट जीप देतो, म्हणून वस्तूचा भाव कमी ठेवता येतो. आणि वर्षभराने तेच युवक नोकरीनिमित्त पुण्यास, वाळूजला गेले की सारा व्यवहार कोसळतो, कारण त्याच्या किमतीत विक्रीचा खर्च कधी धरलेलाच नव्हता. ब्रिटनमध्ये १९७९ साली स्थापन झालेली 'ट्रेडक्राफ्ट' ही ख्रिस्ती प्रेरणेची कंपनी चाळीस वर्षांहून अधिक काळ चर्चमधील स्वयंसेवकांच्या टेबलांवरून माल विकत असे. २०२३ साली ती बंद पडली. हजारो लोकांची निष्ठा पाठीशी असूनही व्यवहार तोलता आला नाही, तर निष्ठा एकटी पुरत नाही, हे त्यातून शिकावे. स्वयंसेवकांच्या श्रमांची किंमत वहीत लिहावी आणि पुढे 'भेट' म्हणून वजा दाखवावी. म्हणजे कोणाचे किती देणे आहे हे सर्वांना कळेल, आणि ती भेट उद्या मिळाली नाही तर काय करावयाचे, याचाही विचार होईल.

हिशेबाच्या बाबतीत संत पौलाचा कित्ता आपल्यापुढे आहे. येरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी त्यांनी गावोगावच्या ख्रिस्तमंडळांतून निधी जमविला, तेव्हा तो एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी नेमलेले विश्वासू सोबती बरोबर घेतले, आणि या मोठ्या रकमेबाबत कोणास दोष काढण्यास जागा राहू नये म्हणून आपण ही काळजी घेतो, असे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आठव्या अध्यायात स्पष्ट केले. देवासमोर सरळ असणे त्यांना पुरेसे वाटले नाही. माणसांसमोरही सरळ दिसले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वर ज्यांचा उल्लेख केला ते कुमारप्पा १९३४ सालच्या बिहार भूकंपाच्या मदतकार्यात हिशेब सांभाळीत होते. स्वयंसेवकांच्या जेवणखर्चावर त्यांनी मर्यादा घातली होती. गांधीजी आपल्या मंडळींसह तेथे आले तेव्हा त्यांनाही तीच मर्यादा लागू केली, अशी आठवण सांगितली जाते. मदतनिधीतील आणा हा भूकंपग्रस्ताचा आणा होता. गोधडीच्या किमतीतील रुपया हा गोधडी शिवणारीचा रुपया आहे. त्यातून कार्यकर्त्यांचा चहा-फराळ निघू नये, आणि धर्मगुरूचा तर मुळीच निघू नये.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी राहतो. आमच्या धर्मग्रामांतील कुटुंबे स्वतःच हातावर पोट असणारी आहेत. त्यांनी वाजवी दाम कोठून द्यावे? स्वस्त वस्तू घेणे ही त्यांची हौस नव्हे, ती त्यांची गरज आहे. हा आक्षेप आम्ही झटकून टाकीत नाही. ज्याला परवडत नाही त्याने घेतले नाही, तर त्याच्याकडे दोष नाही. वस्तू न घेणे हा अन्याय नव्हे. घेऊन तिचे दाम बुडविणे हा अन्याय होय. पण एवढे मात्र प्रत्येकाने प्रामाणिकपणे तपासावे की आपण घासाघीस कोठे करतो. शहरातील काचेच्या दुकानात छापील किमतीपुढे आपण मुकाट मान डोलावतो. आणि जमिनीवर पोते अंथरून बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो. ही घासाघीस गरिबीमुळे होत असती तर ती काचेच्या दुकानात अधिक झाली असती. ती होते, कारण पोत्यावरची बाई आपल्याला ऐकवू शकत नाही.

म्हणून रविवारच्या विक्रीचे यश टेबल किती लवकर रिकामे झाले यावरून आम्ही मोजणार नाही. अशा विक्रीतून वर्षाकाठी ज्या थोड्या गोधड्या जातील, त्यांनी कन्नड तालुक्याचे दारिद्र्य हटणार नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. ही विक्री एक शाळा ठरावी, अशी आमची इच्छा आहे. वस्तू उलटी करून शिवण पाहावी, बनविणारीचे नाव वाचावे, पाटीवरील हिशेब समजून घ्यावा आणि ठरलेले दाम मान ताठ ठेवून द्यावे-घ्यावे, एवढे चार धडे आपण तेथे शिकलो, तर त्यांची परीक्षा चर्चच्या फाटकाबाहेर, आठवडी बाजारात होईल. तेथे ध्वनिक्षेपक नसतो, फादर नसतात, पाटी नसते. सूप-टोपल्या घेऊन बसलेला एक म्हातारा असतो, आपण असतो, आणि त्याला संध्याकाळी घरी जाण्याची घाई असते. त्या घाईचे आपण काय करतो, यावर आपली खरेदी न्यायाची होती की नव्हती, हे ठरेल.